वाचकांचे प्रश्न : माइक आठ, ड्रमसेट एकच

घरच्या स्टुडिओत रॉक बँडचे ड्रम्स मिक्स करताना अडलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतले आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. गाण्याचा वेग, ड्रमरचा हात आणि खोली पाहून ते हलवावेच लागतील.

प्रश्न : आमच्याकडे आठ चॅनलचा इंटरफेस आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर वरून, स्नेअर खालून, तीन टॉम आणि दोन ओव्हरहेड (सेटच्या वरचे) असे माइक लावले. स्नेअरचा ट्रॅक एकटा ऐकला की भरीव वाटतो, पण ओव्हरहेड सुरू केले की तोच स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ड्रम बसवर (सगळे ड्रम ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवर) २०० हर्ट्झ सहा डेसिबलने वाढवून पाहिला, तरी जीव येत नाही. चूक रेकॉर्डिंगमध्ये आहे की मिक्समध्ये? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरी भानगड अंतराची आहे. स्नेअरचा वरचा माइक हेडपासून (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यापासून) चार-पाच सेंटिमीटरवर असतो आणि ओव्हरहेड साधारण एक मीटरवर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, त्यामुळे तोच फटका ओव्हरहेडमध्ये जवळपास २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. आता १७२ हर्ट्झची लाट घ्या. तिचं एक आवर्तन ५.८ मिलिसेकंदांचं, म्हणजे २.९ हे त्याचं बरोबर अर्धं. एका माइकमध्ये लाट वर चढत असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली उतरत असते, आणि दोन्हींची बेरीज शून्याकडे जाते. १४ इंची स्नेअरचा मूळ स्वर बहुतेक वेळा १५० ते २५० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी असतो. खड्डा नेमका तिथेच पडतो. बसवर पोचेपर्यंत वजाबाकी झालेली असते, मग तिथे ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) काय वाढवणार?

सगळे प्लगिन बंद करा. आधी फक्त दोन ओव्हरहेड डावी-उजवीकडे टाकून त्यांची पातळी लावा. आता स्नेअरच्या वरच्या माइकचा फेडर हळूहळू वर आणा आणि त्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं बटण (लाट उलटी करणारं, शून्यावर तिरकी रेघ असते ते, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याला उगाचच फेज म्हणतात) दाबत-सोडत ऐका. वरच्या झणझणाटाकडे लक्ष देऊ नका, ऐकायचं ते खालचं अंग. ज्या स्थितीत ते भरतं, ती ठेवा. फरक कळत नसेल तर दोन्ही पातळ्या कानाला सारख्या करून पुन्हा पाहा, कारण एक फार वर असला की वजाबाकी झाकली जाते.

मग खालचा माइक. काठी पडते तेव्हा वरचं हेड वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं. त्यामुळे खालच्या माइकची पोलॅरिटी वरच्याच्या तुलनेत जवळजवळ नेहमीच उलटी ठेवावी लागते. वरच्याची नंतर उलटवलीत तर खालच्याचीही उलटवायला विसरू नका. त्यानंतर किक आणि शेवटी एकेक टॉम, प्रत्येकाची गाठ ओव्हरहेडशी घालून.

बटणाच्या दोन्ही स्थितींत समाधान झालं नाही तर वेळ सरकवा. गाण्यात स्नेअरचा एकटा पडलेला फटका शोधा, वेव्हफॉर्म मोठा करा आणि दोन्ही ट्रॅकांत पहिला चढ कुठे सुरू होतो ते मोजा. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये एक मीटरला सुमारे १४० सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सुटे नमुने) भरतात, ४४.१ ला १२८. दोन्ही ओव्हरहेड तेवढेच डावीकडे, म्हणजे आधी, ओढा. एकच ओढलात तर डाव्या-उजव्याचा तोल गेला म्हणून समजा. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर क्लिप ओढायचीही गरज नाही. ‘टाइम अ‍ॅडजस्टमेंट डिले’ या प्लगिनमध्ये उणे मिलिसेकंद टाकता येतात. यात एक तोटा आहे. किक ओव्हरहेडपासून वेगळ्या अंतरावर असते, त्यामुळे स्नेअर जुळला की किक पातळ होऊ शकते. ती पुन्हा तपासा. दूरचे रूम माइक असतील तर त्यांना मात्र हात लावू नका, त्यांच्या उशिरामुळेच खोलीचा आकार ऐकू येतो.

पुढच्या सेशनला एक सुतळी घ्या. तिचं टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, ताणून एका ओव्हरहेडपर्यंत न्या आणि तिथे गाठ मारा. दुसरा ओव्हरहेडही त्याच गाठीला आला पाहिजे. मग स्नेअर दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसतो. आणि माइक छताला चिकटवू नका. छतापासून ३० सेंटिमीटरवर माइक असेल तर छतावरून परतणारा आवाज ६० सेंटिमीटर जास्त फिरून, सुमारे १.७ मिलिसेकंद उशिरा येतो आणि २८५ हर्ट्झच्या आसपास आणखी एक खड्डा पाडतो. माइक खाली आणायला जागा नसेल तर ड्रमसेटच्या वर चार इंच जाडीचं रॉकवूलचं पॅनेल टांगा. अंड्यांचे ट्रे चिकटवून या पट्ट्यात काही होत नाही.

प्रश्न : स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट भरपूर शिरली आहे. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावलं की हॅट जाते, पण ड्रमरचे हलके घोस्ट नोट्सही जातात आणि मोठ्या फटक्यांचं तोंड कापल्यासारखं होतं. (चिंचवड)

उत्तर : गेट कानाला कात्रीसारखं लागतंय याचा अर्थ ते पूर्ण बंद होतंय. रेंज किंवा फ्लोअर नावाचा नॉब शोधा आणि उणे ८० ऐवजी उणे ८ ते १२ डेसिबलवर ठेवा. हॅट तेवढी मागे गेली तरी पुष्कळ, कारण ओव्हरहेडमध्ये ती आहेच.

गेट कशावर उघडतंय तेही बदला. त्याच्या साइडचेनला, म्हणजे ज्या आवाजावरून ते उघडतं त्याला, फिल्टर असतो. तो १५० ते ४०० हर्ट्झपुरता अरुंद केला की गेटला हॅट जवळपास ऐकूच येत नाही, स्नेअरचं पोट मात्र ऐकू येतं. हा फिल्टर फक्त गेटच्या कानाला असतो, बाहेर येणाऱ्या आवाजाला लागत नाही. एकच काळजी घ्या, की किक या पट्ट्यात शिरून गेट उघडत नाहीये ना. तोंड कापलं जातंय त्यासाठी लुकअहेड किंवा प्री-ओपन (फटक्याच्या जरा आधीच उघडणं) २-३ मिलिसेकंद आणि अ‍ॅटॅक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. होल्ड ४० ते ६०, रिलीज १०० ते १५०.

घोस्ट नोट्ससाठी थ्रेशोल्डशी (गेट उघडण्याच्या पातळीशी) झटापट करत बसू नका. ज्या ओळींत ते आहेत तो तुकडा कापून गेट नसलेल्या दुसऱ्या ट्रॅकवर टाका. चार मिनिटांच्या गाण्यात हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

बऱ्याच मिक्समध्ये हॅट मुळात वर येते ती स्नेअरवर ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं वाढवणारा ईक्यूचा शेल्फ चढवल्यामुळे. चमक हवी असेल तर आधी गेट, मग ईक्यू. किंवा ती चमक ओव्हरहेडमधून घ्या. ड्रमर हॅट जोरात आणि स्नेअर हळू वाजवत असेल तर मात्र त्यालाच सांगावं लागेल. पुढच्या वेळी स्नेअरचा माइक असा फिरवा की त्याची पाठ हॅटकडे येईल. कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो.

प्रश्न : टॉमचे तिन्ही माइक सुरू ठेवले की सगळं घुमतं, बंद केले की रोल्स मेलेले वाटतात. गेट लावू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. हाताने कापा. टॉम वाजलेत तेवढेच तुकडे ठेवा, बाकी पुसा. फटक्याच्या आधी ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड-इन, रॅक टॉमला साधारण एक सेकंद शेपूट, फ्लोअर टॉमला दीड, आणि शेवटी लांब फेड-आउट. ही शेपूट संपताना सिंबलचा आवाज अचानक विझल्यासारखा वाटला तर फेड आणखी लांबवा. ईक्यूमध्ये ३५० ते ५०० हर्ट्झ चार-सहा डेसिबलने कापलं की पुठ्ठ्यासारखा आवाज जातो. दोन टॉम एकमेकांना घुमवत असतील तर ती ट्यूनिंगची गोष्ट आहे, मिक्समध्ये ती पुरती सुटत नाही.

प्रश्न : माझी खोली १० बाय १२ फुटांची, स्पीकर पाच इंची. मी खोलीच्या मधोमध बसतो. इथे किक अगदी बेताची वाटते, गाडीत मात्र धबाधबा वाजते आणि फोनवर गायबच होते. नेमकं कुणावर विश्वास ठेवू? (नाशिक)

उत्तर : मधोमध बसणं सोडा, अर्धं दुखणं तिथे आहे. १२ फुटांच्या लांबीत पहिली उभी लाट सुमारे ४७ हर्ट्झला तयार होते, १० फुटांच्या रुंदीत ५६ ला. या लाटांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे तुमच्या खुर्चीत किकचा तळच पोचत नाही. तुम्ही तो वाढवता, आणि गाडीत तो वाढवलेला तळ बाहेर पडतो. पडताळा सोपा आहे. किकचा एक तुकडा लूपवर लावा आणि खोलीत चालत फिरा. मागच्या भिंतीला टेकलात की तीच किक दुप्पट वाटेल.

स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवून त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर कान येतील असं बसा. रुंदीत मात्र मध्यावरच राहावं लागेल, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. म्हणून ५६ हर्ट्झचा खड्डा काही अंशी उरणारच. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनेल लावा. उभी केलेली कापसाची गादी मधल्या आवाजाला मदत करते, ४७ हर्ट्झला तिचा पत्ताही लागत नाही. तळाचा निर्णय घेताना चांगल्या हेडफोनवर खात्री करा, आणि तुमच्याच शैलीतलं एखादं नीट मिक्स झालेलं गाणं त्याच आवाजात शेजारी लावून किक आणि बेस यांचं नातं ताडून पाहा.

फोनचं कोडं वेगळं. त्याच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच येत नाही, तिथे किक ओळखू येते ती बीटरच्या ठोक्यावरून. ३०० ते ४०० हर्ट्झ चार-पाच डेसिबल कापा, २.५ ते ४ किलोहर्ट्झच्या मध्ये ठोका सापडेल तिथे तीन-चार डेसिबल वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर किकची एक प्रत करा, तिचं १५० च्या खालचं काढून टाका, सॅच्युरेशन (आवाजाला थोडी फाटकी धार) द्या आणि मूळ किकखाली हळूच मिसळा. इथेही पोलॅरिटी तपासा, कारण फिल्टर लाट थोडी वळवतो.

शेवटी बेस गिटारशी वाटणी करा. दोघांना ६० हर्ट्झवर बसवून चालत नाही. किकला ६० दिलं तर बेसचा भर ९० ते १०० वर ठेवा, किंवा उलट. बेसवर कॉम्प्रेसर (आवाज वाढला की दाबणारं साधन) लावून किकच्या साइडचेनने, म्हणजे किक वाजेल तेव्हाच, बेस दोन-तीन डेसिबल दाबला तरी जागा होते.

प्रश्न : लेड झेपलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम याच्यासारखा मोठा ड्रम साउंड बेडरूममध्ये शक्य आहे का? रूम माइक लावला तर तो बाथरूमसारखा वाजतो. (मडगाव)

उत्तर : १९७१ साली आलेल्या लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमच्या वेळी बॉनमचे ड्रम्स इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीच्या उंच हॉलमध्ये मांडले होते, आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने बायरडायनॅमिकचे दोन एम१६० माइक जिन्यावर वर टांगले होते. तो आवाज त्या उंचीचा आहे, आणि अर्थात बॉनमच्या हाताचा. नऊ-दहा फुटी छताखाली परतणारा आवाज फार लवकर येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो बाथरूमपणा देतो. हा रूम माइक बिनदिक्कत म्यूट करा.

त्याऐवजी कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (खऱ्या जागेच्या नमुन्यावरून घुमारा देणाऱ्या प्लगिनमध्ये) मोठ्या हॉलचा नमुना घ्या. त्यात स्नेअर आणि कापलेले टॉम पाठवा, ओव्हरहेड अगदी चिमूटभर. ओव्हरहेड जास्त गेले की सिंबलची वाफ होते. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची वेळ) १५ ते २५ मिलिसेकंद, डिके (तो विझण्याची वेळ) सव्वा सेकंदाच्या आत, रिव्हर्बच्या आधी २०० हर्ट्झच्या खालचं काढणारा हायपास आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं काढणारा लोपास. मग रिव्हर्बवरच कॉम्प्रेसर, सहा ते आठ डेसिबल दाबणारा. खोली श्वास घेतल्यासारखी फुगते ती या कॉम्प्रेसरमुळे.

खरा जिना हवा असेल तर तोही आहे, तुमच्या इमारतीत. गेट केलेला स्नेअर आणि टॉम एका स्पीकरमधून जिन्यात वाजवा, एक मजला वर माइक ठेवा आणि ते नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मध्ये पाच मीटर अंतर असेल तर साडेचौदा मिलिसेकंदांचा प्री-डिले फुकटात मिळतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि हा प्रयोग कुणी पुण्यात करणार असेल तर दुपारी एक ते चार सोडून.

प्रश्न : ड्रम बसवर कॉम्प्रेसर लावला की ड्रम्स मोठे होतात, पण गिटार आल्यावर बोथट वाटतात. सेटिंग : रेशो ८:१, अ‍ॅटॅक १ मिलिसेकंद, रिलीज ५०० मिलिसेकंद. (बंगळुरू)

उत्तर : एक मिलिसेकंदात कॉम्प्रेसर काठीचा पहिला फटकाच गिळतो, आणि गिटारच्या भिंतीतून बाहेर येतो तो नेमका हाच फटका. अ‍ॅटॅक ३० वर न्या, रेशो २:१ किंवा ४:१, आणि मीटरची सुई दोन-तीन डेसिबलच हलू द्या. रिलीजही लांब आहे. १२० च्या वेगात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. तुमचा कॉम्प्रेसर सुटतो न सुटतो तोच पुढचा फटका येतो, म्हणजे तो कायम दाबलेलाच. १०० ते १५० पासून सुरुवात करा आणि सुई पुढच्या फटक्याआधी शून्यावर येते का पाहा. किकने संपूर्ण बस दबून सिंबल आत-बाहेर होत असतील तर साइडचेनला १०० हर्ट्झचा हायपास लावा.

‘मोठे होतात’ याबद्दल एक शंका. मेकअप गेन (दाबल्यावर परत वाढवलेला आवाज) खाली करून, बायपास चालू-बंद करताना आवाज सारखा राहील असं लावा आणि मग ठरवा. बऱ्याचदा आवडलेली गोष्ट नुसती तीन डेसिबलची वाढ निघते.

दाबून पिळून काढलेला आवाज हवाच असेल तर तो समांतर, म्हणजे मूळ ड्रम्स तसेच ठेवून त्यांच्या जोडीला, करा. किक, स्नेअर आणि टॉम वेगळ्या बसवर पाठवा (ओव्हरहेड नकोत), रेशो १०:१ च्या वर, दाब १२ ते १५ डेसिबल. तो फेडर तळापासून वर आणा. त्याचं अस्तित्व वेगळं कळू लागलं की दोन डेसिबल मागे या.

प्रश्न : स्नेअरवर सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेला सुटा फटका) चढवणं म्हणजे फसवणूक नाही का? (अकोला)

उत्तर : रॉकमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. चढवल्याचं कळलं तर मात्र फसलं. सॅम्पल आणि मूळ फटका यांची सुरुवात अगदी एका डिजिटल नमुन्यापर्यंत जुळवा, पोलॅरिटी तपासा आणि सॅम्पल मूळ ट्रॅकपेक्षा सहा-आठ डेसिबल खाली ठेवा. रोलमध्ये एकच सॅम्पल सारख्या जोरात वाजला की मशिनगन होते, तिथे तो काढून टाका. सर्वांत चांगला सॅम्पल तुमच्याच ड्रमरचा. सेशन संपल्यावर, माइक हलवण्याआधी, प्रत्येक ड्रमवर हलके, मध्यम आणि जोरकस असे आठ-दहा सुटे फटके घ्या आणि प्रत्येक फटका पूर्ण विझेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहा. हेच फटके पुढे बिघडलेली एखादी जागा दुरुस्त करायलाही उपयोगी पडतात.

प्रश्न : जुलैत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एका ओव्हरहेडमध्ये मधूनमधून तळल्यासारखी चुरचुर येते. केबल बदलून पाहिली. (रत्नागिरी)

उत्तर : केबल नाही, दमट हवा. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर ओल बसली की विद्युतभार गळतो आणि चुरचुर होते. माइक बंद डब्यात सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवा, जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. जाळीत तोंडाने फुंकू नका, त्याने ओल वाढते. एसीच्या खोलीतून काढलेला गार माइक लगेच दमट हवेत लावू नका; तो बंद डब्यातच खोलीइतका उबदार होऊ द्या, मग बाहेर काढा. ड्रमचे हेड प्लॅस्टिकचे असल्यामुळे तबल्या-ढोलकीच्या पुडीसारखे पावसात उतरत नाहीत, तेवढं सुख आहे.

झालेल्या टेकसाठी : चुरचुर शांत जागी असेल तर डी-क्लिकर (खटके पुसणारं प्लगिन) पुरेल. सिंबलच्या मधे असेल तर तेवढ्या एक-दोन सेकंदांपुरता तो ओव्हरहेड खाली करून दुसरा ओव्हरहेड मध्यावर आणा, गिटार वाजत असताना ते कुणाच्या लक्षात येणार नाही.